हप्ता बंद झाला का कमी झाला? मग घर कसं चालवायचं, आपल्या खान्देशातल्या बायांसाठी

लाडकी बहीण, निराधार, श्रावणबाळ असल्या सरकारी योजनेचा महिन्याचा हप्ता आला नाही म्हणून लगेच सेतूवाल्याकडे पळू नका आणि कोणाकडून पैसे उचलू तर अजिबात नका. आधी बघायचं की पैसा बंद झालाय, कमी झालाय, का येतोय पण दुसऱ्याच खात्यात पडतोय. तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचा इलाज वेगळा. मी अमळनेर पारोळा पट्ट्यात बचत गटांचं काम करते, आजकाल मीटिंगला बाया बसल्या की बचतीच्या आधी एकच विषय निघतो, "बाई, पैसा उनात का?", म्हणजे पैसा आला का, आणि ज्यांचा आला नाही त्या अर्ध्या जणी तोवर कुठूनतरी व्याजाने उचलून बसलेल्या असतात. म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय, ज्याला जे लागेल ते घ्या.

पहिलं काम पासबुक भरून आणायचं. मोबाईलवर मेसेज आला नाही म्हणजे पैसा आला नाही असं नसतं, नंबर बदललेला असतो, रिचार्ज संपलेला असतो. पासबुकात पण नसेल तर बँकेत विचारायचं की माझं आधार डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात पडण्यासाठी, कोणत्या खात्याला जोडलंय. इथे खूप बाया फसतात, बँकवाला म्हणतो आधार लिंक आहे आणि बाई घरी येते, पण खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि सरकारी पैसा ज्या खात्यात पडतो ते सीडिंग वेगळं. सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असतं, आणि मधे कुठे नवीन खातं उघडताना तुम्ही फॉर्मवर सही केली असेल तर पैसा गुपचूप तिकडे वळलेला असतो. गट लोनच्या वेळी, नाहीतर गॅस सबसिडीसाठी उघडलेलं खातं असतं ना, ते आठवा. कुठेच जमत नसेल तर पोस्टात जाऊन पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढा आणि तिथेच सीडिंग करून मागा, पोस्टमन गावात येतो, अंगठ्यावर घरीच पैसे काढून देतो, म्हाताऱ्या माणसाला तर हे फारच सोयीचं.

आता कमी का झाला ते. लाडकी बहीणचे १५०० जुलै २०२४ पासून सुरू झाले. पण जिच्या नावावर शेती आहे आणि पीएम किसानचे ६००० आणि नमो शेतकरीचे ६००० असे वर्षाचे १२००० तिला मिळतात, तिला लाडकी बहीणचे फक्त ५०० येतात, म्हणजे दोन्हीकडचं मिळून महिन्याला १५०० धरतात. ही चूक नाही, नियमच तसा आहे, त्यासाठी तहसीलच्या चकरा मारून मजुरी बुडवू नका. संजय गांधी निराधार योजनेचे १५०० घेणाऱ्या बाईला लाडकी बहीण मिळत नाही, तेही तसंच. पूर्ण बंद झाला असेल तर मात्र शोधायचं. सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी सक्तीची केली, त्यात नवऱ्याचं नाहीतर बापाचं आधार लागलं, आणि ज्यांचा नवरा पण गेला आणि बाप पण गेला त्या बाया अडकल्या. त्यांनी मृत्यूचा दाखला, घटस्फोट असेल तर कोर्टाचा कागद, असं सगळं घेऊन अंगणवाडी सेविकेकडे जायचं. केवायसीत कुटुंबात सरकारी नोकरी आहे की नाही असा प्रश्न होता, तो इतका उलटा विचारलेला की घाईत बऱ्याच जणींचं उत्तर चुकीचं पडलं. तुमचं तसं झालं असेल असं वाटत असेल तर तेही सेविकेला सांगा, तोंडी नको, लेखी. १८१ ला फोन लावून तक्रार पण करता येते.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. लाडकी बहीण ६५ वर्षापर्यंतच आहे. सासूचं, आईचं वय जवळ आलं असेल तर पैसा बंद व्हायची वाट बघू नका, श्रावणबाळ योजना ६५ च्या पुढेच आहे, त्याचेही १५०० आहेत, पण त्याला उत्पन्नाचा दाखला २१००० च्या आतला लागतो नाहीतर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं, तो दाखला आणि वयाचा पुरावा आधीच तयार ठेवला तर मधे महिने वाया जात नाहीत. घरात दिव्यांग माणूस असेल आणि संजय गांधी निराधारमध्ये असेल तर त्याचं अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून २५०० झालंय, अजून १५०० च पडत असतील तर दिव्यांगाचं कार्ड घेऊन निराधार शाखेत विचारा. निराधार आणि श्रावणबाळवाल्यांनी हयातीचा दाखला पण वेळेवर द्यायचा, माणूस जिवंत बसलाय ओट्यावर आणि कागदावर त्याचा पत्ता नाही असं होतं, मग पैसा थांबतो.

पण माझ्या मते पैशापेक्षा मोठी वस्तू रेशन कार्ड आहे, आणि त्याच्याकडेच आपण सगळ्यात कमी बघतो. १५०० गेले तर घर ओढून ताणून चालतं, कार्डातून नावं गेली तर धान्य जातं आणि दवाखान्याची सोय पण अडचणीत येते. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे, एक रुपया पण द्यायचा नाही. कार्डातल्या प्रत्येक माणसाची ई-केवायसी दुकानातल्या मशीनवर झालेली पाहिजे, एक माणूस राहिला तर त्याचे ५ किलो गेले समजा. पोरांचं जास्त अडतं, कारण पोरगं ५ वर्षाचं झालं की आणि परत १५ चं झालं की आधारवर बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, ते दिले नसतील तर मशीन त्याला घेत नाही. सून आली की तिचं नाव माहेरच्या कार्डातून काढून इकडे चढवायचं, पोरगं झालं की जन्म दाखल्यावर त्याचं नाव चढवायचं, हे काम लग्नाच्या, बारशाच्या धामधुमीत राहतं ते चार चार वर्षं राहतंच. दुकानात अंगठा दिला की मशीनमधून पावती निघते, ती मागून घ्या, त्यावर किती किलो लिहिलंय आणि पिशवीत किती पडलंय ते बघा. कमी देत असेल, नाहीतर "थम येत नाही" म्हणून परत पाठवत असेल तर १९६७ नाहीतर १८००-२२-४९५० ला तक्रार करा आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी द्या.

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूरकडच्या लोकांसाठी हे खास. दिवाळीनंतर ऊस तोडायला बारडोलीकडे, सुरतकडे, नाहीतर इकडे पश्चिम महाराष्ट्रात टोळ्या निघतात, आणि चार पाच महिने धान्य गावातच राहून जातं. तसं करायची गरज नाही. कार्डाचा बारा आकडी नंबर आणि आधार असेल तर देशात कुठल्याही रेशन दुकानात अंगठा देऊन धान्य घेता येतं, गुजरातमधे पण. अर्धं घर गावाला असेल तर त्यांच्या वाट्याचं ते गावात घेतील, तुमच्या वाट्याचं तुम्ही तिकडे घ्या, सगळं एकदम उचलायची सक्ती नाही. निघायच्या आधी सगळ्यांची केवायसी झाली का तेवढं बघून निघा आणि तो बारा आकडी नंबर मोबाईलमधे फोटो काढून ठेवा.

रेशनचा तांदूळ दारावर येणाऱ्या फेरीवाल्याला विकू नका. मला माहितीये आपल्याकडे भाकरी खाणारी माणसं, भाताने पोट भरल्यासारखं वाटत नाही, म्हणून बाया विकतात आणि त्या पैशाचं तेल आणतात. पण ते पकडलं तर कार्ड धोक्यात येतं, आणि भाव तरी काय मिळतो. त्यापेक्षा ज्वारी दळताना त्यात थोडा तांदूळ टाकून दळा, भाकरी थोडी पांढरी होते, थापायला जरा जपावं लागतं, कोमट पाण्यात मळली की येते. उन्हाळ्यात त्याच तांदळाचे पापड, नाहीतर भिजवून दळून फेण्या करून ठेवा.

आता घरातला हिशोब. गरिबाला काटकसर शिकवायची नसते, तो जन्मभर तेच करतो, मला फक्त आधी कुठे हात घालायचा आणि कुठे नाही एवढंच सांगायचंय. आमच्या गटातल्या एका बाईच्या घरचं सांगते, तिचे १५०० चे ५०० झाले. घरात पाच माणसं, नवरा मजुरीला, सासूला बीपी, दोन पोरं शाळेत. त्या १५०० मधून ५०० गटाच्या कर्जाचा हप्ता जायचा, साडेतीनशेच्या आसपास सासूच्या गोळ्या, उरलेले किराणा उधारीत. आता आले ५०० च. ती म्हणे गोळ्या बंद करते, सासू पण म्हणे नको मला गोळ्या, बरी आहे मी. आम्ही तिला तेवढंच करू दिलं नाही. बीपीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, आरोग्य खात्याच्या दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, औषधं सगळं मोफत केलेलं आहे, मेडिकलवरून विकत आणायची सवय लागली म्हणून आणत होती. आशाताईने कार्ड काढून दिलं, महिन्याच्या गोळ्या एकदम मिळायला लागल्या. गटात मीटिंगमधे ठराव लिहिला की तीन महिने ही फक्त व्याज भरेल, मुद्दल नंतर. राहिला किराणा, तर उधारीच्या वहीवर रोज दहा दहा रुपयांच्या तेलाच्या पुड्या होत्या, चहा पत्तीच्या पुड्या होत्या, तेल पुडीने घेतलं तर किलोमागे किती जास्त जातं ते तिला आम्ही कागदावर मांडून दाखवलं, मग चार बायांनी मिळून एक डबा आणून वाटून घेतला. बाकी तिने स्वतःचं स्वतःच जुळवलं.

कुठे हात घालायचा नाही ते पण सांगते. डाळ कापू नका. पैसा कमी पडला की पहिली डाळ जाते, मग दूध, आणि भाकर मिरची सुरू होते, मोठ्या माणसाचं निभतं पण पोटुशी बाईचं आणि लहान पोराचं निभत नाही. आपल्या खान्देशात कमी पैशात ताकदीचं खाणं आहेच की, कळण्याची भाकरी बघा, ज्वारीत उडीद घालून दळलेली, तिच्यासोबत नुसता ठेचा आणि कांदा असला तरी चालतो कारण डाळ भाकरीतच गेलेली असते. डुबुक वड्या, बेसन, घुटं, पाण्यात पातळ केलं तरी पाच माणसांना पुरतं. पावसाळ्यात तांदुळजा, आंबाडी, बांधावरचा शेवगा. शेंगा, ज्वारी, कापूस निघून गेला की शेतात सरवा, म्हणजे मागे राहिलेलं पीक, वेचायला जायला लाजू नका, शेतकऱ्याला विचारून जायचं, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, काढणीच्या वेळी मजुरी पैशाऐवजी दाण्यात मिळत असेल तर दाणाच घ्या, पैसा उधारीत जातो, दाणा कणगीत राहतो.

आणि बायांनो, तुमचं स्वतःचं ताट. सगळ्यांचं झाल्यावर तव्यावरची शेवटची भाकर आणि भांड्याला लागलेलं कालवण, एवढ्यावर दिवस काढायचा नाही. घरात कमी पडतंय हे नवऱ्याला आणि पोरांना दिसू द्या, सगळे एकदम जेवायला बसा, मग कमी असलं तरी सगळ्यांना सारखं कमी पडतं. अंगात रक्त कमी झालेल्या बाया कापूस वेचता वेचता चक्कर येऊन पडलेल्या मी बघितल्यात आणि प्रत्येकीच्या घरी कोणाला माहितच नव्हतं ती काय खाते ते.

पोरांच्या खाण्याचा एक भाग अंगणवाडी आणि शाळेतून निघतो, तो सोडू नका. आठवीपर्यंत दुपारचं जेवण शाळेत आहे, सहा महिन्यांच्या बाळापासून आणि गरोदर बाईला अंगणवाडीतून आहार आहे, आदिवासी पट्ट्यात अमृत आहार योजनेत गरोदर आणि बाळंतीण बाईला एक वेळचं ताजं जेवण आणि पोरांना अंडी नाहीतर केळी मिळायला पाहिजेत. मिळत नसेल तर विचारा, उपकार नाहीये तो. पैसे कमी पडले म्हणून पोरीला आठवी नववीतून काढून कापूस वेचायला नेणं हा सगळ्यात महागात पडणारा सौदा आहे, एका हंगामासाठी सुटलेली शाळा परत धरली जात नाही. ऊसतोडीला सोबत न्यायचंच असेल तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं.

सरपणाचं. उज्ज्वलाच्या सिलेंडरला ३०० रुपये सबसिडी आहे पण २०२५-२६ साठी वर्षाला १२ ऐवजी ९ सिलेंडरलाच केली, आणि राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत वर्षाला ३ सिलेंडरचे पैसे परत मिळतात, ते पडलेत का पासबुकात बघा. कापूस उपटला की पऱ्हाट्या फुकट मिळतात, तुरीच्या काड्या मिळतात, त्या पावसाच्या आधी भरून ठेवा. मी स्वतः असं करायला सांगते की पाणी तापवणं, डाळ शिजवणं बाहेरच्या चुलीवर, आणि सकाळी डबे करायच्या घाईत गॅस. घरात कोंडून चूल पेटवू नका, लहान पोरं आणि दमेवाली माणसं असली तर अजिबात नाही.

सणाचा आनंदाचा शिधा, १०० रुपयात रवा, डाळ, साखर, तेल, तो २०२५ च्या गणपतीला आला नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. दिवाळी आणि आखाजीसाठी, म्हणजे अक्षय तृतीयेसाठी, गटात महिन्याला पन्नास रुपयाची वेगळी भिशी लावा, आखाजीला लेकी घरी येतात, खर्च होतोच, तो व्याजाच्या पैशाने व्हायला नको.

आता कर्जाचं, ह्यावर मी जरा जोरात बोलणार आहे. दर महिन्याला पडणारा खड्डा कर्जाने भरायचा नाही. आजारपण, बियाणं, म्हैस, ह्याला कर्ज समजू शकतं, पण हप्ता आला नाही म्हणून किराण्यासाठी फायनान्सवाल्यांचं गट लोन काढलं की पुढच्या आठवड्यापासून तुमच्या त्याच कमी पैशातून आणखी एक हप्ता जायला लागतो, मग तो भरायला दुसरी कंपनी, तिचा भरायला तिसरी. एकीने भरलं नाही की बाकीच्या बाया तिच्या दारात, आणि चांगल्या मैत्रिणी एकमेकींचं तोंड बघत नाहीत. आधीच घेतलेलं असेल तर हे लक्षात ठेवा, रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाने सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घरच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, वसुलीवाला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करू शकत नाही, घरी येऊ शकत नाही, शिव्या देणं, नातेवाईकांना त्रास देणं चालत नाही. रात्री येऊन ओट्यावर बसला तर फोनमधे व्हिडिओ काढा आणि कंपनीच्या तक्रार नंबरवर टाका, कर्जाच्या कार्डावर तो नंबर छापलेला असतो. हप्ता जमत नसेल तर चुकायच्या आधी शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा, चुकल्यानंतर कोणी ऐकत नाही.

सावकाराकडे जावंच लागलं तर त्याच्याकडे लायसन आहे का विचारा, पावती घ्या, कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर सही अंगठा काही झालं तरी नाही. जमिनीची खरेदी करून दे, पैसे फेडले की परत करून देतो, असं म्हणणाऱ्याला तर उंबऱ्याच्या आत घेऊ नका. अशात जमीन गेलीच असेल तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे अर्ज करता येतो, २०१४ च्या सावकारी कायद्यात जमीन परत मिळायची सोय आहे. ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल पण कर्जच आहे, किती घेतली, किती फिटली हे दोघांच्या सहीने वहीत पाहिजे, पुढच्या हंगामात मुकादम सांगेल तो आकडा खरा धरायचा नाही. सगळ्यात आधी आपल्या गटाचं अंतर्गत कर्ज बघा, व्याज पण फिरून गटातच राहतं.

कामाचं म्हणाल तर रोजगार हमीचं काम आपोआप निघत नाही, मागावं लागतं. ग्रामपंचायतीत काम मागायचा अर्ज, नमुना ४, भरून द्यायचा, तारखेची पोच घ्यायची, पोच नसेल तर मागणी झालीच नाही असं धरतात. एकटीने मागितलं तर रोजगार सेवक उद्या ये म्हणतो, वीस बायांनी एकदम मागितलं तर त्याला काम काढावं लागतं. जानेवारीनंतर कापूस संपला की मे पर्यंत आपल्याकडे मजुरी बसते, म्हणून मागणी डिसेंबरातच टाकून ठेवा.

दवाखान्याचं मोठं काम निघालं, ऑपरेशन वगैरे, तर खासगीत पैसे भरायच्या आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का विचारा, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखापर्यंत आहे, रेशन कार्ड आणि आधार लागतं, योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो त्याच्याकडे सरळ जायचं. आधी डिपॉझिट भरा मग योजनेचं बघू म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

केवायसीच्या नावाने लिंक येतात, फोन येतात, ओटीपी मागतात. कोणालाच द्यायचा नाही. पाचशे रुपये द्या तुमचं बंद झालेलं चालू करून देतो म्हणणारे गावात फिरताहेत, त्यांच्या हातात काहीच नसतं. आणि उत्पन्नाचा दाखला काढताना सेतूवाला अंदाजे आकडा टाकतो, पोराच्या स्कॉलरशिपला एक आणि निराधारला दुसरा, आता सगळं आधारला जोडलेलं आहे, आकडे जुळले नाहीत की नाव कटतं. खरा आकडा सांगा आणि काय लिहिलं ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला सोबत न्या.

तालुक्याला जायचं झालं तर एकटीने जाऊ नका, ज्यांचं ज्यांचं अडलंय अशा चार पाच जणी मिळून एकाच दिवशी जा, शक्यतो एसटीने, बायांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ च्या वरच्यांना फुकट. शिवभोजन केंद्र चालू असेल तर १० रुपयात जेवण होतं. सोबत आधार, रेशन कार्ड, पासबुक, बँकेला जोडलेला मोबाईल चार्ज करून, दोन फोटो, आणि प्रत्येकाच्या दोन दोन झेरॉक्स, कारण तिथे झेरॉक्स महाग पडतं आणि लाईन असते. अर्ज घरूनच लिहून न्यायचा, दोन प्रती, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा. साहेब नाहीत म्हणाले तरी आवक-जावकचा टेबल उघडा असतो, तिथे द्यायचा. पंधरा दिवसात काही झालं नाही तर तोच आवक नंबर टाकून दुसरा अर्ज, आणि पुढच्या ग्रामसभेत तो विषय लिहून घ्यायला लावायचा.